फॉस्टर केअरमध्ये काम करायचंय? आधी हे समजून घ्या

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) संपवून बाल संरक्षणाच्या कामात येणारी मुलं-मुली मला मेसेज करून विचारतात की फॉस्टर केअर म्हणजे नक्की काय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पहिल्याच आठवड्यात एक जोडपं ऑफिसात आलं, म्हणालं, 'मॅडम, दत्तकाची यादी फार लांब आहे, फॉस्टरमधून लवकर मिळतं ना?' तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. दत्तकात मूल कायद्याने तुमचं होतं, फॉस्टरमध्ये तसं नाही, तिथे दुसरं कुटुंब मूल काही काळ फक्त सांभाळतं. बहुतेकदा त्याचे आईवडील कुठेतरी असतात, आजारी असतील, जेलमध्ये असतील, आणि मूल उद्या त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. 2015 च्या बाल न्याय कायद्यातलं कलम 44 वाचाच, आणि 2024 ची नवी मार्गदर्शक तत्त्वं पण, कारण आता एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळायला मिळू शकतं आणि मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं झालं असेल तर 2 वर्षांनी तेच कुटुंब दत्तकासाठी अर्ज करू शकतं, आधी 5 वर्षं थांबावं लागायचं.

प्रकार बरेच आहेत. थोड्या दिवसांसाठी, जास्त काळासाठी, आणि ग्रुप फॉस्टर, त्यात एका घरात जास्तीत जास्त 8 मुलं. आदेश कायम बाल कल्याण समितीचाच, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीचा, आपण फक्त अहवाल देतो.

पण आपल्याकडे फिल्डवर सगळ्यात जास्त दिसतात ती आजी, मामा, काकूकडे राहणारी मुलं. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, महिना 2250 रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना 4000 ची मदत आहे ती वेगळी, दोन्हीची कागदपत्रं आणि अटी पाठ करून ठेवा कारण आजीला बँकेत आणि तहसीलला चकरा मारायला लावणं फार वाईट वाटतं हो.

गृहभेटीत काय बघायचं ते सांगते. एक नऊ वर्षांचा मुलगा फॉस्टर घरात होता, जेवत होता, शाळेत जात होता, फाईलवर सगळं 'समाधानकारक'. मी खोलीत गेले तर त्याची बॅग भरलेली, चेन लावलेली, उशाशी ठेवलेली. तीन महिने झाले होते तरी कपडे कपाटात नव्हते. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं की तो इथे किती दिवस आहे! तेव्हापासून मी आधी मुलाशी एकट्याने बोलते, त्याची आई कुठे आहे, समितीपुढची पुढची तारीख कधी, सगळं त्याला कळेल अशा भाषेत सांगते, चहा-बिहा नंतर.

आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांकडे लक्ष ठेवा प्लीज. अठरा पूर्ण झाले की घर सुटतं, मग अनुरक्षण गृह, म्हणजे अठरानंतर अशा मुलांची राहायची सोय, 21 पर्यंत, गरज असेल तर 23 पर्यंत. त्याचा अर्ज, आधार, बँक खातं हे सतराव्या वर्षीच सुरू करा. अनाथ मुलांना महाराष्ट्रात 1 टक्का आरक्षण आहे पण अनाथ प्रमाणपत्र हातात नसेल तर ते मिळत नाही, आणि अठरा उलटल्यावर जुनी फाईल शोधत फिरायची वेळ त्या पोरावर येते.