लक्ष्मी रस्ता सावरायचा तर: कुदळ पडण्याआधीची तयारी

लक्ष्मी रस्ता ही पुण्याच्या पेठांमधली जुनी बाजारपेठ; ती गाड्यांपासून मोकळी करून चालणाऱ्यांसाठी कशी सावरायची, हा विषय पुण्यात निघाला की बोलणं थोड्याच वेळात फरशीवर येतं. दगड कुठला, दिवे कसले, बाक कुठे ठेवायचे. माझ्या मते फरशी या यादीतली अगदी शेवटची गोष्ट आहे. तिच्याआधी बरंच काम आहे, त्यातलं बहुतेक वही-पेन आणि मोजपट्टी घेऊन करण्यासारखं आहे, आणि ते महापालिकेची वाट न बघता व्यापारी संघ, गणेश मंडळं आणि वरच्या मजल्यांवरचे रहिवासी मिळून आजपासून सुरू करू शकतात. त्यांच्यासाठीच ही यादी.

आधी हद्द ठरवा. क्वार्टर गेटपासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत अख्खा रस्ता एकदम हातात घेऊ नका. महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते, तेव्हा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा गाड्यांना बंद असतो. २०२१ पासून लोकांनी तो मोकळा पाहिलेला आहे, त्यामुळे तिथे काय होऊ शकतं हे कुणाला चित्र काढून समजवावं लागत नाही. पण हद्द आखताना नुसता रस्ता धरू नका. तुळशीबाग, कुंटे चौकाच्या बोळी, अप्पा बळवंत चौकाकडे जाणारा बाजीराव रस्त्याचा तुकडा, मंडईची बाजू, हे सगळं त्याच नकाशात हवं. माणूस लक्ष्मी रस्त्यावर साडी घेतो, तुळशीबागेत भांडी आणि टिकल्या-बांगड्या, अप्पा बळवंतला मुलांची पुस्तकं. त्याची एक फेरी जिथून जिथे जाते तेवढी आपली हद्द.

मग माणसं मोजा. मोजणी सणाच्या गर्दीत करू नका आणि फक्त पादचारी दिनाच्या आकड्यांवर तर अजिबात विसंबू नका, कारण त्या दिवशी लोक रस्ता बघायला येतात. श्रावणातला साधा मंगळवार घ्या, फेब्रुवारीतला एखादा गुरुवार घ्या. सकाळी अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात. चालत किती आले, दुचाकीवरून किती, रिक्षातून किती, बसमधून किती. बायका किती, म्हातारी माणसं किती, कडेवर मूल घेतलेल्या किती. तोच मोजणीचा तक्ता केळकर रस्त्यावर आणि कुमठेकर रस्त्यावरही भरा, कारण इथली वाहनं हटवली की ती तिथेच जाणार आहेत आणि तिथले दुकानदार उद्या तुमच्या विरोधात उभे राहिले तर त्यांची चूक म्हणता येणार नाही. २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रोचा भुयारी टप्पा स्वारगेटपर्यंत सुरू झाला आणि मंडई, कसबा पेठ ही स्थानकं चालायच्या अंतरावर आली. त्यांच्या जिन्यातून वर येणारे किती जण आपल्याकडे वळतात, हा आकडा तर हवाच. दुकानदारांची खात्री असते की गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं आणि गाडी दारात लागली नाही तर परत जातं. खरं असेल किंवा नसेल. आठवडाभर प्रत्येक बिलामागे "कसे आलात?" एवढा एक प्रश्न विचारून ठेवा, म्हणजे बैठकीत आवाज चढवायची वेळ येणार नाही.

आता यादीतलं सगळ्यात किचकट काम: दारांची वही. हद्दीतलं प्रत्येक दार, प्रत्येक गाळा, प्रत्येक जिना. खाली दुकान कुणाचं, जागा मालकीची की भाड्याची, पागडी आहे का, वर बिऱ्हाड आहे की गोदाम, की कुलूप. रस्त्यावर उभं राहून मान वर केली की पेठेचं खरं दुखणं दिसतं. तळमजल्यावर झगमगाट आणि वर गळकी कौलं, तुटक्या खिडक्या, भिंतीतून डोकावणारा पिंपळ. याचं मूळ बऱ्याच ठिकाणी भाड्यात आहे. जुन्या भाडेकरूचं भाडं इतकं थोडं की त्यात मालक भिंतींना रंगही लावू शकत नाही, आणि जागा आपली नाही म्हणून भाडेकरू छपराला हात लावत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढीची सोय आहे आणि दुरुस्ती करून इमारत राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे, पण मुळातली रक्कमच किरकोळ असेल तर चार टक्क्यांनी काय होणार? जिथे मालक आणि भाडेकरू यांच्यात बोलणंच बंद आहे, तिथे नवीन रस्ता कितीही सुंदर केला तरी वरचा मजला पडायचा तो पडणारच. म्हणून वहीत एक रकाना असा ठेवा: दुरुस्तीचा खर्च वाटून घ्यायला दोघं तयार आहेत का? जे तयार असतील त्यांची घरं पहिल्या वर्षी घ्या.

याच वहीत दुसरी एक खूण करा. बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक वसूल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं) भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर त्यांना या कायद्याचं संरक्षण नाही. म्हणजे त्यांच्याकडून बाजारभावाने भाडं घेता येतं. रस्ता सुधारला की मालकाला मोठी कंपनी आणावीशी वाटणार, हे सरळ गणित आहे. मग कुंकवाचं, पूजासाहित्याचं, बटणं-लेस-अस्तराचं दुकान जातं. ब्लाउजपीसला जुळणारं अस्तर कापडाचा तुकडा हातात धरून उजेडात नेऊन दाखवणारा दुकानदार गेला, तर साडी घ्यायला कोथरूडहून किंवा हडपसरहून इथवर यायचं कशाला? साडीची दुकानं आता उपनगरांतही आहेत. ही छोटी दुकानं कुठली, ती कुठल्या अटीवर आहेत आणि कुणाची पुढची पिढी गल्ल्यावर बसायला तयार आहे, हे आधी माहीत असेल तरच त्यांच्यासाठी काही करता येईल. मला या सगळ्या यादीत सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

पथारीवाल्यांना वगळून केलेली कुठलीही योजना टिकत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही, आणि जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराची गोष्ट अशी की तुळशीबागेची गर्दी पथारीवर आणि दुकानात मिळूनच जमते. प्रत्येक विक्रेत्याची जागा, माल, वेळ लिहून घ्या. कोण बारा वर्षं त्याच खांबाखाली बसतंय आणि कुणी मागच्या महिन्यात जागा अडवून ती पोटभाड्याने दिलीय, हे शेजारच्या दुकानदाराला बरोबर ठाऊक असतं. त्याला आणि पथारीवाल्याला एकाच टेबलावर बसवून यादी करा. वेगवेगळ्या केल्या तर दोन वेगवेगळे बाजार कागदावर येतील.

जमिनीखालचं. जुनी जलवाहिनी, सांडपाण्याची नळी, पावसाळी गटार, विजेच्या केबली, फायबर, गॅस. एकाचंही काम राहिलं तर नवी फरशी सहा महिन्यांत फोडली जाईल. सगळ्या खात्यांकडून आणि कंपन्यांकडून लेखी घ्या की पुढची काही वर्षं आम्हाला इथे खोदायचं नाही. आणि पातळी मोजा. हे फार कुणी करत नाही. पेठेत थरावर थर चढून रस्ते उंच झालेत, त्यामुळे पूर्वी दोन पायऱ्या चढून ज्या वाड्यात जायचं तिथे आता एक पायरी उतरावी लागते. उंबऱ्यावर मोजपट्टी टेकवा, रस्त्याचा मध्य किती वर आहे ते प्रत्येक दारापाशी लिहा. पावसात कुणाच्या दुकानात पाणी शिरतं ते दुकानदार बोटाने दाखवतील, काउंटरच्या लाकडावर खूण असते. नवा रस्ता जुना थर खरवडून खालच्या पातळीवरच बांधायचा, ही अट निविदेत असायला हवी. पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असे भारतीय रस्ते काँग्रेस या रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचे निकष सांगतात. मोकळी म्हणजे खरोखर मोकळी: विजेचा डीपी बॉक्स, कुंडी, दुकानाचा पुतळा आणि उभी बुलेट वजा करून.

बसायला जागा आणि स्वच्छतागृह. या रस्त्यावरचं बहुसंख्य गिऱ्हाईक बायका आहेत. लग्नाचा बस्ता बांधायला पाच-सहा जणी सकाळी येतात त्या संध्याकाळी परत जातात, आणि मधे जायची सोय विचारत फिरतात. कुठलं स्वच्छतागृह आहे, ते किती वाजेपर्यंत उघडं असतं, आत पाणी आणि कडी आहे का, हे पुरुषांनी लांबून बघून लिहू नये. बायकांच्या गटाने आठवडाभर वेगवेगळ्या वेळी जाऊन लिहावं. मोठ्या दुकानांनी आपलं स्वच्छतागृह खरेदी न करणाऱ्यांनाही खुलं ठेवायचं ठरवलं आणि दारावर तशी पाटी लावली तर एक पैसाही खर्च न होता निम्मा प्रश्न सुटेल. पाटीचा विषय निघालाच आहे तर दुकानांच्या नामफलकांबद्दलही आत्ताच एकमत करून घ्या. मराठी देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही, हा नियम २०२२ पासून सगळ्यांनाच आहे. आकार आणि उंची आपसात ठरवली की वाड्यांच्या लाकडी कमानी पुन्हा दिसायला लागतील.

वाहनतळ, माल आणि बंब. मंडईतले मिनर्व्हा आणि आर्यन वाहनतळ, नारायण पेठेतला हमालवाडा, यांत कुठल्या वेळी किती जागा रिकामी असते ते पाहा. तिथून दुकानापर्यंतची वाट सत्तरीच्या बाईला हातात पिशव्या घेऊन चालता येते का, तेही चालून पाहा. मालाच्या गाड्यांना सकाळी दहाच्या आत वेळ बांधून द्या, पण त्याआधी हमाल आणि टेम्पोवाल्यांना विचारा. त्यांचा दिवस गोदामात कधी सुरू होतो यावर ते अवलंबून आहे. अग्निशमन दलाला प्रत्यक्ष बंब आणून बोळीच्या तोंडापर्यंत नेऊन दाखवायला सांगा. कापडाची गोदामं आणि लाकडी जिने असलेल्या भागात हे टाळता येणार नाही.

वेळापत्रक पेठेच्या कॅलेंडरवर बसवा. पावसाळ्यात खोदाई बंद असते. मग गणपती, नवरात्र, दिवाळी आणि लगेच तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. एप्रिल-मे पुन्हा लग्नं, जूनमध्ये अप्पा बळवंतला वह्या-पुस्तकांची झुंबड. उरतात फेब्रुवारी आणि मार्च, आणि मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपायच्या घाईत कामं उरकली जातात. म्हणून एका वर्षी एकच तुकडा, चौक ते चौक, आणि त्याची निविदा दिवाळीतच निघालेली असली पाहिजे. शिवाय हा मिरवणुकीचा रस्ता आहे. विसर्जनाचे रथ इथूनच जातात, तेव्हा दिव्याचा खांब, झाड, कमान यांची उंची आणि अंतर मंडळांच्या कार्यकर्त्यांनी रथाच्या मापावरून सांगावं. आषाढात दोन्ही पालख्या याच रस्त्याने येतात आणि कितीतरी वारकरी अनवाणी असतात. ओल्या पावलाखाली घसरणारा गुळगुळीत दगड इथे नको. नमुन्याचे चार दगड आणून त्यावर पाणी ओता आणि अनवाणी चालून बघा.

तात्पुरता प्रयोग पक्क्या कामाआधी. एक दिवसाचा उत्सव झाला, आता सलग चार शनिवार-रविवार रंग, कुंड्या आणि लोखंडी अडथळे लावून करा. दर रविवारी रात्री गल्ल्याचा आकडा दुकानदारांनी बंद पाकिटात संघाकडे द्यावा. पाकीट नावाविना, पण पट्टा लिहिलेलं.

आणि देखभालीचे पैसे. दिल्लीच्या चांदनी चौकात लाल जैन मंदिर ते फतेहपुरी मशीद असा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला, सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी. लाल दगड देखणा होता. पुढे तुटलेले अडथळे, बंदीच्या वेळेत घुसणाऱ्या गाड्या आणि अस्वच्छता यांच्या बातम्या येत राहिल्या. बांधायला पैसा होता, रोज सांभाळायला नेमका माणूस नव्हता. आपल्याकडे झाडलोट कोण, निखळलेला दगड किती दिवसांत बसणार, रात्री नऊनंतर दोरी कोण सोडणार, हे नावानिशी आणि रकमेसह लिहिलेलं नसेल तर काम सुरूच करू नका. दुकानाच्या दर्शनी फुटामागे महिन्याची वर्गणी, रहिवाशांना माफ, पथारीवाल्यांची नाममात्र, असा एक हिशेब मांडून पाहा. आकडा बैठकीत ठरेल.

बैठक सोमवारी घ्या, बरीच दुकानं अजूनही सोमवारी बंद असतात. येताना दारांची वही, मोजणीचे तक्ते, पातळीची मापं, विक्रेत्यांची यादी आणि खात्यांची पत्रं एका फायलीत आणा. वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांना निरोप जिना चढून द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून सोडू नका. महापालिकेच्या पथ विभागाला लिहायच्या पत्राचा मसुदा त्याच दिवशी वाचून, दुरुस्त करून, सगळ्यांच्या सह्यांनिशी तयार ठेवा.