काटापट्टीची पीडीएफ नेमकी बिघडते कुठे?

स्क्रीनवर काटापट्टी (शेतमालाच्या वजनाची आणि हिशेबाची पट्टी) झकास दिसते आणि पीडीएफ काढली की 'क्विंटल'ची वेलांटी भलतीकडे जाते, अशी तक्रार आली की मी सीएसएसला (पानाच्या सजावटीच्या कोडला) लगेच हात लावत नाही. कन्व्हर्टरकडे, म्हणजे पानाची पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जाणारं एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) आधी सर्व्हरवर फाईल म्हणून साठवतो आणि ब्राउझरमध्ये उघडतो. तिथंच आकडे गायब असतील तर दोष टेम्पलेटचा (पानाच्या साच्याचा), पीडीएफचा नाही. तिथं सगळं ठीक असेल तर मग पुढचं.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिनिंग आणि अडतदुकानांचे हिशेब ठेवणारं वेब ॲप्लिकेशन सांभाळतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त त्रास अक्षरांचा. शेतकरी वजनाच्या आधी नाव-गाव पाहतो आणि "माह्या गावाचं नाव काहून तोडलं?" म्हणून काउंटरवर उभा राहतो. बरोबरच आहे त्याचं. म्हणून माझी चाचणीची ओळ ठरलेली: 'आर्णी, दिग्रस, शेतकऱ्याचे क्विंटल'. आर्णीत रफार आहे, दिग्रसमध्ये वेलांटी आणि 'ग्र', शेतकऱ्यात मराठीचा तो खास अर्धा र, आणि क्विंटलमध्ये जोडाक्षराच्या आधी सरकणारी वेलांटी.

या ओळीत चौकोन दिसले तर सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नाही. तुमच्या विंडोज लॅपटॉपवर निर्मला यूआय आयता असतो, लिनक्स सर्व्हरवर नसतो. तिथं एफसी-लिस्ट कमांडला मराठीचा 'एमआर' कोड देऊन पाहा; काहीच आलं नाही तर नोटो सान्स देवनागरी टाका. त्याहून बरं म्हणजे फॉन्टची फाईल ॲप्लिकेशनमध्येच ठेवून फॉन्ट-फेस या सीएसएसच्या नियमानं जोडा. गूगल फॉन्ट्सच्या लिंकवर विसंबू नका. सर्व्हर जिनिंगच्याच खोलीत असेल तर ऐन हंगामात इंटरनेट जातं आणि फॉन्टही जातो.

चौकोन नाहीत, पण 'आर्णी'चा र सुटा आणि वेलांटी चुकीच्या जागी, तर फॉन्ट बदलून काही होणार नाही. अक्षरं जुळवण्याचं काम कन्व्हर्टरलाच येत नाही. पीएचपी भाषेतल्या डॉमपीडीएफ या कन्व्हर्टरचं असंच आहे. पीएचपीमध्येच राहायचं असेल तर एमपीडीएफ घ्या आणि फॉन्टच्या नोंदीत यूज-ओटीएल ही अक्षरं जुळवणारी सेटिंग चालू करा. डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हा कन्व्हर्टर मात्र नव्या कामात घेऊ नका. त्याचं पान रेखाटणारं वेबकिट इंजिन जुनं आहे, सीएसएसची फ्लेक्स-ग्रिड मांडणी त्यात कोसळते, आणि २०२३ मध्ये तो प्रकल्प अधिकृतपणे बंद करून ठेवला गेला. मी पपेटिअर या लायब्ररीतून हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडणारं, क्रोम चालवतो. मेमरी खातं, पण ब्राउझरमध्ये अक्षर जसं दिसतं तसंच छापतं.

पट्टीच्या जागी लॉगिनचं पान छापून येतं? क्रोम हा सर्व्हरवर आलेला परका पाहुणा आहे, तुमचं लॉगिन त्याच्याकडे नाही. एकतर लॉगिनची कुकी द्या, नाहीतर तयार एचटीएमएल पपेटिअरच्या सेट-कंटेंट फंक्शननं थेट हाती द्या. दुसरा रस्ता घेतला की लोगो गायब होतो, कारण अर्धवट पत्ता कशाला जोडायचा हे त्याला कळत नाही. लोगो बेस-६४ करून (मजकुराच्या रूपात) पानातच घाला.

३० सेकंदांनी टाइमआउट येत असेल तर नेटवर्क शांत होण्याची वाट पाहणारी अट तपासा. पानावर बाजारभाव सतत ताजा करणारी स्क्रिप्ट असेल तर नेटवर्क कधीच शांत होत नाही. छपाईच्या पानावर ती स्क्रिप्ट नकोच. फक्त फॉन्ट तयार होईपर्यंत थांबा.

फाईल उघडतच नाही, तर ती नोटपॅडमध्ये उघडा. पहिली अक्षरं टक्क्याचं चिन्ह आणि लगेच 'पीडीएफ' अशी हवीत. तिथं एचटीएमएल दिसलं तर ते एररचं पान आहे. '३७, ८०, ६८, ७०' असे आकडे ओळीनं दिसले तर घोटाळा पाठवण्यात आहे: पपेटिअरच्या २३ व्या आवृत्तीपासून पीडीएफचे बाइट बफरऐवजी युइंट-८-ॲरे या प्रकारात मिळतात आणि फाईल पाठवणारं एक्सप्रेस ४ हे फ्रेमवर्क त्यांचं जेसन (साधा मजकूर) करून टाकतं. पाठवण्याआधी बफरमध्ये गुंडाळा, झालं.

कागदाचं थोडक्यात. पपेटिअरचा मूळ आकार लेटर असतो, आपल्याकडचा कागद ए-४; तो स्पष्ट सांगा. रंगीत पट्टे हवे असतील तर प्रिंट-बॅकग्राउंड चालू करा. (मी बंदच ठेवतो, शाईचे पैसे दुकानदार भरतो.) लांब तक्त्याचं शीर्षक प्रत्येक पानावर यावं म्हणून ते टी-हेडमध्येच (शीर्षकाच्या टॅगमध्ये) लिहा आणि ओळ मधोमध फाटू नये म्हणून टीआरला (ओळीच्या टॅगला) ब्रेक-इनसाइड अव्हॉइड हा सीएसएसचा नियम द्या. तोच नियम एकूण रक्कम, हमाली-तोलाईची वजावट आणि सही-अंगठ्याची जागा एका डिव्हमध्ये (एका चौकटीत) घालून त्याला लावा. नाहीतर सहीची रेघ एकटीच दुसऱ्या पानावर जाते, आणि कोऱ्या कागदावर अंगठा द्यायला कोणताही शेतकरी तयार होत नाही.