घरचा तांबडा भोपळा माळ्यावर का सडतो? या चुका टाळा

गेल्या वर्षी दिवाळीनंतर परसातल्या वेलीचे सात भोपळे काढले. संक्रांतीला त्यातले तीनच उरले होते. एकाचं पाणी माळ्यावरून खालच्या गादीवर टपकेपर्यंत घरात कुणाला पत्ता नव्हता, फक्त 'उंदीर मेलाय का कुठे?' एवढी चर्चा चालली होती. सडलेले चारही नीट पाहिले तेव्हा कळलं की दोष एकाच जागी होता, देठाशी. दोघांचे देठ मी वेलीवरून पिळून काढताना मुळासकट निघाले होते, एकाचा उचलताना हातात आला होता आणि चौथ्याचा अजून हिरवागार असताना मी घाई केली होती.

रंगावर जाऊ नका. आपल्याकडच्या गावठी भोपळ्यांत काही पिकले तरी साल हिरवी-चट्टेरीच राहते, काही आधीच पिवळसर होतात. पाहायचा तो देठ. पिकलेल्या भोपळ्याचा देठ हिरवेपणा टाकून वाळतो, लाकडासारखा टणक होतो. मग सालीवर अंगठ्याचं नख रुतवून पाहा. नख सहज आत गेलं आणि ओलं झालं, तर भोपळा कोवळा आहे. पिकलेल्या सालीवर नुसता ओरखडा उठतो. जमिनीला टेकलेल्या बाजूचा पांढरट डागही पिवळा पडलेला असतो. मादी फुलाखाली पहिल्यापासून इवलासा भोपळा असतो. तो धरला, की मी पाटीवर तारीख लिहून वेलीला अडकवतो. त्यानंतर साधारण दीड-दोन महिने थांबायचं. त्याआधी शेजारच्या काकूंनी कितीही विचारलं तरी 'अजून वेळ आहे' म्हणायचं.

वेल वाळायला लागली आणि एखादा भोपळा अर्धवट राहिला, तर 'ठेवला की पिकेल' ही आशा अर्धीच खरी. नख जेमतेम रुतत असेल, तर उबदार कोरड्या जागी रंग थोडा चढतो, पण वेलीवरची गोडी येत नाही. नख लोण्यासारखं जात असेल, तर तो साठवायचा नाहीच. सालीसकट भाजी करा, आठवड्याभरात संपवा.

काढताना देठ कधीही पिळू नका. छाटणीची कात्री किंवा धारदार कोयती घ्या आणि तीन-चार बोटं देठ भोपळ्याला ठेवून कापा. उचलायचा तो बुडाखाली दोन्ही हात घालून. देठाला धरून उचलणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महाग चूक, कारण तिथली जखम भरत नाही आणि बुरशी तिथूनच आत शिरते. देठ तुटलेला, खरचटलेला किंवा आपटलेला भोपळा वेगळा काढून आधी शिजवायचा. पाऊस पडून गेल्यावर लगेच काढू नका, दोन-तीन कोरडी उन्हं जाऊ द्या. माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा; नळाखाली धुतलेला भोपळा माझ्याकडे टिकलेला नाही.

काढल्या काढल्या माळ्यावर चढवणं ही पुढची चूक. आधी आठ-दहा दिवस ओसरीवर किंवा गच्चीच्या पत्र्याखाली, वारा खेळेल अशा सावलीत ठेवा. सत्तावीस-तीस अंशांच्या उबेत साल आणखी टणक होते आणि बारीक ओरखडे बुजतात. ऑक्टोबर हीटचा एवढा तरी उपयोग होतो. मात्र थेट उन्हात ठेवला, तर साल भाजून पांढरी पडते आणि तिथेच मऊ होते.

ठेवायची जागा कोरडी, अंधारी आणि त्यातल्या त्यात गार हवी. दहा ते तेरा अंश तापमान उत्तम म्हणतात, पण ते आपल्या घरात फक्त पुण्या-नाशिकच्या थंडीतल्या रात्री मिळतं. अख्खा भोपळा फ्रीजमध्येही घालू नका. दहा अंशांखाली बरेच दिवस राहिला, की सालीवर खड्डे पडतात आणि बाहेर काढल्यावर तो झपाट्याने सडतो. सिमेंटच्या फरशीवर थेट नको, ओल धरते. जुन्या लुगड्याची चुंबळ करून तिच्यावर बसवा किंवा भाताच्या पेंढ्यावर, एकमेकांना न लागता ठेवा. एकावर एक रचणं तर नाहीच. कोकणात भोपळे आढ्याला सुतळीच्या शिंक्यात टांगतात. चहूबाजूंनी वारा लागतो आणि ते रोज नजरेसमोर राहतात. पिकणारी केळी, सफरचंदं जवळ ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने भोपळा लवकर उतरतो.

आठवड्यातून एकदा प्रत्येक भोपळा उचलून बूड पाहा. पैशाएवढा मऊ डाग दिसला, तर त्याच दिवशी तेवढा भाग मोठा कापून टाका आणि उरलेल्याचे घारगे करा. आतून आंबूस वास आला तर मात्र सगळाच टाका. सालीवर डिंकासारखा थेंब किंवा बारीक भोक असेल, तर फळमाशीचा डंख असू शकतो. असा भोपळा साठवू नका. फोडल्यावर गर दोऱ्यादोऱ्यांचा आणि कोरडा निघाला किंवा आत बियांना कोंब आले, तर तो जुना झाला आहे एवढंच. चव बेताची, भरीत चालतं. मात्र फोड कडू लागली तर एक घासही गिळू नका, गूळ घालून खपवूही नका. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही.

कोहळ्याचं गणित थोडं वेगळं. कोवळ्या कोहळ्यावर लव असते; पिकताना ती झडून अंगावर पांढरी पूड धरते. ही पूड म्हणजे मेण, पुसून चकचकीत करू नका. ती आहे तोवर कोहळा तांबड्या भोपळ्यापेक्षा जास्त टिकतो.

यंदा सहा भोपळे आलेत. सगळे चुंबळींवर बसवलेत, देठ वर करून, आणि माळ्याऐवजी देवघराच्या बाहेर, जिथे येता-जाता पाय अडतो.