व्हायबिलिटी तपासणीला निघताय? पहिला ईसीजी घेतला का?

अटॅकनंतर डॉक्टर म्हणतात, 'हृदयाचा तो भाग अजून जिवंत आहे का बघू, मग बायपासचं ठरवू.' हीच व्हायबिलिटी तपासणी. खान्देशातून अनेकांना त्यासाठी नाशिक, मुंबई नाहीतर सुरत गाठावी लागते. तेव्हा घरूनच नीट निघा.

आधार कार्ड, पैसे, चादर, डबा हे सांगायला नको. डिस्चार्ज कार्ड, अँजिओची सीडी, टू-डी इको एका फाईलीत. आणि पहिला ईसीजी. अटॅकच्या दिवशी गावाजवळच्या दवाखान्यात काढलेला, तोच. आप्पांच्या वेळी मी जाडजूड फाईल नेली आणि नेमका तो कागद घरी राहिला. डॉक्टरांनी आधी तोच मागितला.

का मागतात? ज्या लीडमध्ये, म्हणजे ईसीजीतल्या ज्या आलेखात, खोल क्यू लहर (सुरुवातीलाच खाली जाणारी) दिसते तिथला हृदयाचा स्नायू मेला, असं पूर्वी सरसकट धरायचे. पण क्यू असूनही तिथे जिवंत स्नायू सापडतो. रक्त कमी पडल्यामुळे तो नुसता काम थांबवून पडलेला असतो आणि रक्तपुरवठा सुधारला तर पुन्हा हलू शकतो. आजच्या एकट्या पट्टीवरून हा फरक कळणं अवघड. क्यू लहान झाली का, आर लहरीची (वर जाणारं टोक) उंची परत आली का, त्यानंतरची वर चढलेली एसटी रेषा खाली बसली का, हे पहिल्या दिवसाशी ताडूनच समजतं. आठवडे उलटले तरी एसटी वरच असेल, तर तिथली हृदयाची भिंत फुगल्याची शंका येते. यातलं काहीच एकटं निकाल देत नाही, पण पहिला कागदच नसेल तर ताडायचं कशाशी?

आता तो कागद जपायचा कसा ते वाचा. ईसीजीची पट्टी बहुतेक वेळा उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते. जळगाव-भुसावळचा मे महिना, पत्र्याचं घर, गाडीची डिकी. अशात रेषा फिकट होत जातात. लॅमिनेशन तर चुकूनही करू नका, गरम रोलरमध्ये अख्खा कागद काळा पडतो. आजच झेरॉक्स काढा. मोबाईलवर फोटोही घ्या, पण सरळ वरून, चौकोन तिरपे न होऊ देता. कडेला छापलेलं '25 मिमी प्रति सेकंद, 10 मिमी प्रति मिलिव्होल्ट' आणि तो छोटा आयताकृती ठोकळा, म्हणजे मापाची खूण, फोटोत यायलाच हवा. कुणी 10 ऐवजी 5 मिमीवर काढलेला असेल तर सगळ्या लहरी निम्म्या दिसतात आणि आर बुटकी झाली असा चुकीचा अर्थ निघतो. कागद हरवला असेल तर त्या दवाखान्यात जाऊन प्रत मागा. लाजू नका.

नवा ईसीजी काढताना छातीवरचे केस काढू द्या. व्ही-1, व्ही-2 ही छातीवरची टोकं चौथ्या फासळीखालच्या फटीत लागतात. वर चिकटवले तर आर गेल्यासारखी दिसते आणि नसता घोर लागतो. पेसमेकर किंवा डाव्या बाजूचा बंडल ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) असेल तर आधीच सांगा, तिथे क्यूवर विसंबता येत नाही.

स्ट्रेस तपासणीत, म्हणजे ट्रेडमिलवर किंवा डोब्युटामाइन (हृदयाचं काम वाढवणारं औषध) देऊन, क्यू असलेल्या लीडमध्ये एसटी वर चढली तर तो जिवंत स्नायूचा इशारा असू शकतो. पण फुगलेल्या भिंतीमुळेही ती चढते, म्हणून इकोसोबतच वाचतात. बीटा ब्लॉकरची, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी, गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनाने बंद कराल तर धोका आहे. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना बजावून ठेवा. छाती भरून आली तरी 'माले काही व्हत नही' म्हणतात. तिथे बोललंच पाहिजे.

थॅलियम स्कॅन असेल तर दुसऱ्या दिवशीही बोलावू शकतात, मुक्कामाची सोय बघा. एमआरआयला क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट. पेट स्कॅनला साखरेचं आणि उपाशी राहण्याचं आधी विचारा. गोळ्यांची यादी. चष्मा. पहिला ईसीजी, झेरॉक्ससकट. निघताना फाईल उघडून डोळ्यांनी बघा.

परत येताना नव्या ईसीजीची प्रत मागून घ्या. मागे तारीख, वेळ आणि तेव्हा छातीत दुखत होतं की नाही ते लिहा, आणि त्याचीही झेरॉक्स त्याच दिवशी काढा.