खारी नदीच्या काठावर प्राचीन त्रिभुज प्रदेश वाचताना

पुण्या-मुंबईच्या भूशास्त्राच्या सहली भुजला गेल्या की खारी नदीच्या पात्रातला वाळूखडक पाहायचाच असतो. हा भुज शैलसमूह, क्रिटेशस काळाच्या (डायनोसॉरांच्या युगाचा शेवटचा टप्पा) पूर्वार्धातला. नद्यांनी समुद्राकाठी आणून टाकलेला गाळ. गाइड सांगायला लागण्याआधी उभ्या कड्यापासून थोडं लांब उभं राहा आणि खालून वर नजर न्या. खाली शेल (चिखलापासून बनलेला बारीक कणांचा खडक), मग पातळ वाळूखडक, वर जाड भरड थर असा क्रम दिसला, तर त्रिभुज प्रदेश समुद्राकडे सरकत होता असं समजायला जागा आहे. उलट, खालचे थर कापून बसलेला तळ आणि वर बारीक होत जाणारे कण दिसले, तर तो बहुधा नदीचा प्रवाहमार्ग. नुसत्या एका थरावरून निकाल देऊ नका.

जुन्या प्रवाहाची दिशा तिरक्या थरांवरून, म्हणजे मुख्य थराच्या आत प्रवाहाने त्याच्या दिशेला उतरते रचलेल्या बारीक थरांवरून काढतात, आणि गडबड होते ती इथेच. खडकाच्या एकाच सपाट बाजूवर दिसणारा उतार फसवा असतो. काटकोनातली दुसरी बाजू शोधून खरा उतार ठरवा, मगच होकायंत्र लावा. एका ठिकाणी भरपूर नोंदी घ्या. मुख्य थरच नंतर कललेले असतील तर तेवढी दुरुस्ती नंतर करावी लागते, म्हणून त्यांचा कलही वहीत हवा.

फोटो सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर काढा. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात. शेजारी पट्टी ठेवा. पानांचे ठसे सापडले तर हातोडी पिशवीतच राहू द्या.