पोलीस दारात आले तर "या ना आत" म्हणू नका

बेल वाजली की माझ्या सासूबाई दार सताड उघडतात आणि "या ना आत" म्हणतात, मग पार्सलवाला असो नाहीतर पोलीस. आमच्याकडे कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आल्या की आधी ही सवय मोडायला लावते. अमेरिकेच्या घटनेतली चौथी दुरुस्ती पोलिसांना उंबरठ्यावर अडवते खरी. पण आपणच आत बोलावलं की वॉरंट लागत नाही. "तुम्ही नाही म्हणू शकता" हे पोलिसांनी सांगायलाच हवं असंही नाही, १९७३ पासून सुप्रीम कोर्टाचं तेच म्हणणं आहे.

म्हणून दार न उघडता बोला. वॉरंट आहे का विचारा. असेल तर न्यायाधीशाची सही, फ्लॅट नंबरासकट पत्ता आणि काय जप्त करायचंय ते बघा, आणि अडवू नका. नसेल तर एकच वाक्य: "आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च", म्हणजे झडतीला माझी संमती नाही. सासऱ्यांनी ते देवनागरीत लिहून फ्रिजवर चिकटवलंय.

हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं. जॉर्जियातल्या एका खटल्यात बायको "या" म्हणाली, दारात उभा नवरा "नको" म्हणाला; २००६ मध्ये कोर्टाने नवऱ्याचं मानलं. पण नको म्हणणाऱ्याला रीतसर अटक करून नेलं, तर मागे राहिलेल्याची संमती चालते, असा २०१४ चा निकाल आहे. तेव्हा मागे राहणार त्या आमच्या सासूबाईच!

"काळजी वाटली म्हणून आलो" हेही पुरेसं नाही. ऱ्होड आयलंडमध्ये एकीने नवऱ्याच्या काळजीने पोलिसांना फोन केला. तो तपासणीसाठी हॉस्पिटलला गेल्यावर पोलिसांनी घरात शिरून त्याची पिस्तुलं उचलली. कॅनिग्लिया खटल्यात, २०२१ साली, नऊही न्यायाधीशांनी सांगितलं की रस्त्यावरच्या बिघडलेल्या गाड्यांच्या बाबतीत पोलिसांना काळजीपोटी वॉरंटशिवाय झडतीची जी सवलत आहे, ती घराला लागू नाही. आत कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर मात्र वॉरंट लागत नाही. तिथे हुज्जत नको.

तरीही आत शिरलेच, तर अंगावर जाऊ नका, वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणा. समोर उघड दिसणारी बेकायदा वस्तू ते उचलू शकतात. पण मागचा नंबर वाचायला टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) जरासं सरकवणं हीसुद्धा झडतीच, असं १९८७ मध्ये ठरलंय. म्हणून कोणता ड्रॉवर उघडला, काय हलवलं, काय नेलं, बॅज नंबर काय, हे त्याच दिवशी लिहून काढा. बेकायदा जप्त केलेला पुरावा बाद करून घ्यायला वकील आधी हेच मागतो.