बांडगुळावरचे पीकॉक रॉयल कसे शोधावे

पीकॉक रॉयल हे निळे फुलपाखरू बहुधा झाडांच्या शेंड्यांपाशी वेगाने उडते, म्हणून त्याच्यामागे मान वर करून फिरण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवर वाढतात. तेव्हा शोध बांडगुळापासूनच सुरू करावा.

प्रथम आंब्यासारखी जुनी झाडे न्याहाळावीत. झाडाच्या पानांहून वेगळी, जाडसर पाने आणि नळीसारखी फुले असलेला झुबका फांदीतूनच फुटलेला दिसला, तर ते बांडगूळ समजावे. ते अर्धपरोपजीवी आहे, म्हणजे पाणी आणि क्षार झाडाकडून ओढते, अन्न मात्र स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. त्याची फळे खाणारे फुलटोचे चिकट बिया फांद्यांवर टाकतात, त्यामुळे या इवल्या पक्ष्यांची ये-जा हीदेखील एक खूण ठरते.

त्यानंतर हाताला येईल असा झुबका निवडून प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी तपासावे. कुरतडलेले पान दिसले म्हणून लगेच हुरळून जाऊ नये, कारण या पंगतीला इतरही बसलेले असतात. पानावर पिवळ्या अंड्यांचा पुंजका किंवा एकत्र खाणाऱ्या केसाळ अळ्या आढळल्या, तर त्या हळदीकुंकू फुलपाखराच्या असतात. दोन्ही बाजूंना पिसांसारखे काटे असलेली हिरवी अळी गॉडी बॅरन या दुसऱ्या फुलपाखराची. पीकॉक रॉयलची मादी अंडी सुटी घालते आणि तिची अळी बिनकवचाच्या गोगलगायीसारखी, ठेंगणी व संथ असते, डोके अंगाखाली दडवून बसते. ती सहज नजरेतून सुटते, म्हणून घाई करू नये.

प्रौढ फुलपाखरू बसलेले आढळल्यास पंख मिटलेल्या स्थितीतले छायाचित्र आधी घ्यावे. नराची वरची बाजू चकाकत्या निळ्या रंगाची आणि पुढच्या पंखांची टोके काळी असतात, पण ओळख पटते ती खालच्या फिकट राखाडी बाजूवरील बारीक गडद रेषेवरून. प्लेन्स ब्लू रॉयल हे जवळचे फुलपाखरूही बांडगुळावरच वाढते, तेव्हा केवळ बांडगुळावर दिसले म्हणून ओळख ठरवू नये. पीकॉक रॉयलच्या मागच्या पंखांना बारीक शेपट्या आणि त्यांच्या बुडाशी काळे-नारिंगी ठिपके असल्याने ते टोक डोक्यासारखे भासते, आणि पक्ष्याची चोच तिथेच पडते. म्हणून शेपट्या तुटलेले फुलपाखरू दिसले, तरी ते वेगळ्या जातीचे मानू नये.

फळबागेत बांडगूळ छाटावेच लागते; मात्र छाटण्यापूर्वी पाने पाहून अळी असलेला झुबका काही आठवडे राखून ठेवावा.